कोणती दवा?

देवराव सरांसमोर 'दवा' हा शब्द काढायची सोय नव्हती. पहिल्याच आठवड्यात आमच्या वर्गातल्या श्रीकांतनं ती चूक केली. दुपारचा तास, वीज गेलेली, आणि श्रीकांत कपाळ धरून मागच्या बाकावर आडवा झालेला. सरांनी विचारलं, "काय झालं रे?"

"डोकं दुखून राह्यलं सर. दवा घेतली."

सरांनी खडू ठेवला आणि ते त्याच्यापाशी गेले. "कोणती दवा?"

"डोक्याची."

"नाव सांग."

"नाव नाई ठाऊक. मेडिकलवाल्यानं देली."

"पाकीट दाखव."

श्रीकांतला वाटलं, सर चेष्टा करताहेत. तो हसला, मग आम्हीही हसलो. सर हसले नाहीत. शेवटी श्रीकांतला जिना उतरून गाडीच्या डिकीतलं चुरगळलेलं पाकीट आणावं लागलं. सरांनी ते खिडकीच्या उजेडात धरून वाचलं, त्याला परत दिलं आणि फळ्याकडे जाऊन जिथं थांबले होते तिथून पुढं शिकवायला लागले. त्या दिवसापासून आम्ही त्यांना पाठीमागं 'कोणती सर' म्हणायला लागलो.

मी त्या वर्गात काय करत होते, तेही सांगून टाकते. बारावीनंतरच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत माझे मार्क थोडक्यासाठी कमी पडले. पुन्हा बसायचं ठरलं आणि मधलं वर्ष रिकामं राहिलं. तहसील ऑफिसात नोकरी करणाऱ्या माझ्या बाबांना घरात कुणी रिकामं बसलेलं बघवत नाही. त्यांनी आदिलाबादच्या बसस्टँडजवळ एक लहानशी संस्था शोधून काढली, तिथं अँब्युलन्समध्ये रुग्णासोबत बसणाऱ्या तंत्रज्ञांना तयार करत. "डॉक्टर व्हायचं न तुले?" बाबा म्हणाले. "मंग आधी रगत पाहून घे." माझ्यासारख्या पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांना सर 'सुट्टीवाले' म्हणत. "काय सुट्टीवाल्या बाई, कशी चालू हाय सुट्टी?" असं विचारायचे आणि हातात ऑक्सिजनचं सिलिंडर देऊन दोन जिने चढायला लावायचे.

सर पन्नाशीकडे आलेले होते. उंच, खांद्यात वाकलेले, दाढी नेहमी एक दिवस जुनी. अँब्युलन्सवर बरीच वर्षं काढलेली. आता आठवड्यातले काही दिवस शिकवायचे आणि बाकीचे गाडीवर. तामसीकडच्या एका गावचे, घरी मराठी, पण तेलुगू इतकं मोकळं बोलायचे की तेलुगू मुलं त्यांना आपल्यातलंच समजायची. काहीही तोंडाला लावायच्या आधी ते हुंगायचे. पाणी हुंगायचे, चहासुद्धा हुंगायचे. आम्ही त्यांची नक्कल करायचो आणि ते बघूनही न बघितल्यासारखं करायचे.

दुसरी खोड याहून चमत्कारिक. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक दाभण असायचं, कापसाची पोती शिवायचं असतं ते. रिकामी बाटली दिसली की दाभण बाहेर. पाण्याची असो, सरबताची असो, खोकल्याच्या औषधाची असो, तिच्या बुडाला भोक पाडल्याशिवाय ते ती टाकायचे नाहीत. दुसऱ्यांच्या बाटल्याही सुटायच्या नाहीत. बसस्टँडसमोरचा चहावाला एकदा वैतागून म्हणाला, "सार, भोक काऊन पाडता? मी त्यात तेल भरत असतो." सर म्हणाले, "भरतो म्हणून तं पाडून राह्यलो." चहावाल्यानं कपाळाला हात लावला आणि पुढं त्यांना पाहिलं की बाटल्या टेबलाखाली सरकवायला लागला.

आमच्या वर्गाखाली बियाणं-खताचं दुकान होतं. जिन्यात कायम फवारणीच्या औषधाचा वास. सरांनी पहिला खरा धडा त्या वासावरूनच दिला. "खाली इकते तेही दवाच," ते म्हणाले, "आन समोरच्या मेडिकलात इकते तेही दवाच. तेलुगूत तं अजून घोळ. मंदू म्हणजे औषध, मंदू म्हणजे दारू, मंदू म्हणजे कपाशीवर मारतेत तेही. 'मंदू तागिंडू', म्हणजे मंदू पेला, असा फोन आला, तं मानूस बरा होऊन राह्यला, झिंगून राह्यला का मरून राह्यला, काई समजत नाई." मग म्हणाले, "आन एक ध्यानात ठेवा. शेजाऱ्यानं घेतलं तं लोक जहर घेतलं मनतेत. आपल्या घरच्यानं घेतलं तं दवा घेतली मनतेत. मंग काय इचारायचं?"

"कोणती दवा?" आम्ही शाळेतल्या मुलांसारखं एका सुरात.

"आन काय पाह्यचं?"

"डबा."

त्यांचा दुसरा नियम हक्काचा होता. हा मला नीट कळला तो श्रीकांतमुळेच. आम्हाला गाडीवर पाठवायला लागले होते. गाडी चालवणारे यादगिरी अण्णा, मागं सर आणि आम्हा शिकाऊंपैकी दोघं. एका सकाळी जवळच्या खेड्यातून म्हातारे आजोबा घेतले. शेतात कोसळले होते. नाडी लागत नव्हती, श्वास नव्हता. त्यांचा मुलगा पायाशी बसला, श्रीकांत छाती दाबायला लागला, मी श्वासाची पिशवी धरली. सर आजोबांच्या कानाशी वाकून बोलत होते, "काका, आदिलाबादले चाललो आपन, घाबरू नोका." हे ते नेहमीच करायचे. समोरचा ऐकतोय की नाही, हे त्यांनी कधी बघितलं नाही.

बऱ्याच वेळानं श्रीकांतचे हात थकले. घामानं डबडबलेला तो म्हणाला, "सर, गेले हो हे."

मुलानं ते ऐकलं. तो रडला नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि गावात कुणाला तरी सांगितलं. पुढच्या फाट्यावर माणसं रस्त्यात आडवी उभी होती. माणूस गेलाच आहे तर दवाखान्यात नेऊन चिरफाड कशाला, घरी आणा, असं सगळ्यांचं म्हणणं. सर खाली उतरले. हात जोडून उभे राहिले. "दवाखान्यापर्यंत येऊ द्या, डॉक्टरले पाहू द्या, मंग तुमी मनान तसं." कुणी ऐकलं नाही. आजोबांना ट्रॅक्टरवर घालून ते घेऊन गेले.

परतताना श्रीकांत म्हणाला, "गेलेच होते सर. नाडीच नव्हती."

"असतीन," सर म्हणाले. "नसतीनही. आता ते कोनालेच कळनार नाई." मग आम्हा दोघांकडे बघून सावकाश म्हणाले, "मेला मनायचा हक्क डॉक्टरचा. आपला नाई. वाचंल मनायचाही नाई. आन मागून कोनी इचारलं, लवकर आनला असता तं वाचला असता का, तं त्याचंही उत्तर देयाचं नाई. आपल्याले हक्क नाई. आपन नेतो, बस."

श्रीकांत नंतर वर्गाला यायचा बंद झाला. सर त्याच्या घरी गेले आणि त्याला दुचाकीवर मागं बसवून घेऊन आले. वाटेत काय बोलले ते श्रीकांतनं कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर त्यानं 'कोणती सर' म्हणणं सोडलं.

मीही सोडलं, पण वेगळ्या कारणानं. थंडी सुरू झाली होती, कापूस वेचणीचे दिवस. इंद्रवेल्लीच्या रस्त्यावरच्या एका वस्तीतून फोन आला, सून उठत नाही म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा सुनेची बाज अंगणात होती आणि सासू उशाशी बसली होती. "ताप होता," ती म्हणाली. "दवा घेतली, तवापासून झोपली."

मी पायाशी उभी होते, म्हणून मला सरांचा चेहरा दिसला. त्यांचा रंगच उडाला. "कोणती दवा?"

"तापाची."

सर बाईच्या तोंडाशी वाकले, हुंगलं, डोळ्यात बॅटरी मारली. मग ते सासूशी एक अक्षर बोलले नाहीत. घरात शिरले, मडक्यांमागं पाहिलं, आतल्या बाजेखाली पाहिलं, मागच्या अंगणातला पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा ढीग हातांनी उपसला आणि फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन आले. हात काट्याकुट्यांनी ओरबाडले होते. आम्ही तिला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, ऑक्सिजन लावला. सर तो डबा मांडीत धरून शहर येईपर्यंत तिच्याशी बोलत राहिले. डबा पाहून डॉक्टरांना लगेच उपचार सुरू करता आले. ती बाई वाचली. हे मी इथंच सांगून ठेवते, कारण यानंतर चांगलं असं फारसं काही सांगायचं नाही.

दवाखान्याच्या आवारात नळावर सर हात धूत होते, धूतच होते. मी म्हटलं, "सर, झाले स्वच्छ." मग ते कट्ट्यावर बसले. यादगिरी अण्णांनी चहा आणून दिला. सरांनी तो हुंगला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"माही बायको सुनंदा," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं. "तिले ताप आलता. गोळ्या आनून देल्या तं घेत नव्हती. कडू लागतेत मने. मी गाडीवरून फोन करकरून मायले इचारायचो, दवा घेतली का तिनं, दवा घेतली का. एक दिवस मायचाच फोन आला. सुनंदीनं दवा घेतली मने. मी मनलं, घेतली न, मंग झोपू दे तिले. उठवू नोको. गाडीत पेशंट होता, फोन ठेवून देला." त्यांनी कप दुसऱ्या हातात घेतला. "मायनं कोनाले उठवू देलं नाई. मी सांगतलं होतं न."

घरात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली होती. शेजाऱ्यानं त्यात उरलेलं फवारणीचं औषध ओतून दिलं होतं, आणि ती बाटली गोळ्यांच्याच फळीवर ठेवलेली होती. सुनंदानं ती चुकून उचलली की समजून, हे कुणी पाहिलं नाही. मायला वासावरून कळलं होतं. पण सून घरची. तिच्याबद्दल जहर हा शब्द मायच्या तोंडातून निघाला नाही. ती दवा म्हणाली, आणि सरांना त्यांच्या रोजच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

"मायला माहीत आहे? तुम्ही तापाची दवा समजलात, ते?" मी विचारलं.

"नाई. तिले वाटते, मले फोनवरच समजलं का आता ही वाचत नाई, म्हणून मी झोपू दे मनलं." चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटानं काढून टाकली. "वाटू दे. तिले काय सांगू, माय, तू एक शब्द दुसरा बोलली असती तं सुनंदी घरात असती?"

या 'वाटू दे'ची किंमत मला त्यांच्या गावी गेल्यावर समजली. सुट्टीच्या दिवशी सरांनी मला आणि श्रीकांतला जेवायला बोलावलं होतं. आम्ही तामसीच्या बसनं गेलो. माय लहानखुरी, वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिनं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली, वर कच्चं तेल घातलं, आणि आम्ही अँब्युलन्सचं शिकतोय हे ऐकल्यावर समोर ऐसपैस बसली.

"माह्या पोरासारखं शिका," ती म्हणाली. "सुनंदीच्या टायमाले त्यानं फोनवरच ओळखलं. मी नुसतं दवा घेतली मनलं, आन त्याले समजलं का काई उपयोग नाई. झोपू दे मनला. मरनाऱ्याले कायले ओढताण करायची? सगळ्या गावाले ठाऊक हाय."

सर अंगणात हातपंपावर बादली भरत होते. त्यांना ऐकू जात होतं. दांडा खाली-वर होत राहिला.

सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणूनच तर सुनंदाच्या माहेरालाही ठाऊक होतं. परतीच्या बसमध्ये श्रीकांतनं मला पुढचं सांगितलं; त्याचं आजोळ त्याच बाजूचं, म्हणून त्याला ठाऊक होतं. एका लग्नात सर पंगतीत बसले, तेव्हा सुनंदाचा भाऊ ताटावरून उठला. मोठ्यानं म्हणाला, "अँब्युलन्समंधी जगाले नेते आन घरच्या बाईले झोपू दे मनते, त्याच्या पंगतीले मी बसत नाई." त्याच्यामागं अख्खी ओळ उठली. सर एकटेच ताटासमोर राहिले. ते एक वाक्य बोलले असते तर भाऊ पाया पडला असता. पण ते वाक्य फिरून मायच्या कानावर गेलंच असतं. माय ती गोष्ट पोराचं कौतुक म्हणून गावभर सांगत होती आणि प्रत्येक वेळी पोराला थोडं आणखी खाली ढकलत होती. मला त्या म्हातारीचा फार राग आला. तिच्या हातची भाकर पोटात असताना राग आला, याची लाजही वाटली.

आमचं प्रशिक्षण संपत आलं तेव्हा उन्हाळा लागला होता. माझी दोन्ही पुस्तकं, इथलं आणि वैद्यकीय प्रवेशाचं, एकाच पिशवीत असायची. त्या सकाळी गाडीवर मी होते. फोनवर गावाचं नाव आलं, मग घराचं. यादगिरी अण्णांनी मागं वळून सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "चला."

माय अंगणात बाजेवर बसली होती, दोन्ही हात टेकून. श्वास घेताना घशातून आवाज येत होता, पायांवर सूज होती. झोपवलं की जीव घाबरायचा, म्हणून स्ट्रेचरची पाठ उभी करून आम्ही तिला बसवलं. गाडी निघाली. मी ऑक्सिजनचा मास्क लावला, तिनं काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. तिला बोलायचं होतं.

"देवराव."

"बोलू नोको माय. मास्क राहू दे."

"सुनंदीले तवा मी हलवून उठवली असती," ती म्हणाली. एकेक शब्दाला थांबत होती. "गाडी बलावली असती. तं वाचली असती का रे?"

तेव्हा मला समजलं की इतकी वर्षं माय ती गोष्ट गावाला सांगत नव्हती, स्वतःला सांगत होती. माझा तिच्यावरचा राग तिथल्या तिथं गेला आणि नुसती भीती उरली. सर काय सांगणार, हे मला माहीत होतं. आपल्याला हक्क नाही. हेच त्यांनी आम्हाला वर्षभर शिकवलं होतं. शिवाय खरं उत्तर काय असू शकतं, हे आम्ही दोघांनी इंद्रवेल्लीकडच्या वस्तीतल्या त्या सुनेच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

सरांनी मायचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"नाई माय," ते म्हणाले. "नसती वाचली."

"तुले फोनवरच समजलं होतं न?"

सर माझ्याकडे बघत नव्हते. भोंगा चालू होता, तरी त्यांचं उत्तर मला स्वच्छ ऐकू आलं.

"हो माय. समजलं होतं."

मायनं मान हलवली. मग तिनं मास्क लावू दिला. शहर येईपर्यंत सर तिच्या कानाशी वाकून बोलत होते, तामसीचा फाटा आला, आता पूल आला, आता बसस्टँड दिसून राह्यलं.

माय त्या दवाखान्यातून घरी आली नाही. ती आता नाही, म्हणून हे मला लिहिता येतं आहे. सुनंदाच्या भावाला सरांनी अजूनही काही सांगितलेलं नाही, असं यादगिरी अण्णांकडून कळतं. आता तर सांगायची काही अडचणही उरली नाही. पण मायला 'हो' म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला 'नाही' म्हणायचं त्यांच्या मनात नसावं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी. मायला आत नेलं होतं. डॉक्टरांनी बाहेर थांबायला सांगितलं, तसे सर गाडीपाशी आले आणि रोजच्यासारखं स्ट्रेचर पुसायला लागले. मी मदतीला गेले तर त्यांनी फडकं दिलं नाही. कोपऱ्यात माझी पाण्याची रिकामी बाटली पडली होती. ती उचलून त्यांनी दाभण काढलं, बुडाला भोक पाडलं आणि बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"सुट्टीवाल्या बाई," ते म्हणाले, "पुढच्या हप्त्यात आपली परीक्षा हाय न?"

"हो सर."

"तो प्रश्न येते दरसाल. नातेवाइकानं इचारलं, वाचला असता का, तं काय सांगायचं." त्यांनी दाभण पुसून खिशात ठेवलं. "आपल्याले हक्क नाई, असंच लिवा."

प्रश्न आला. मी तसंच लिहिलं.